मथुराबाईंची चूल: येवला, सटाणा आणि परत

सोमवार, ७ जानेवारी २००८, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. एकलहऱ्याला आमच्या खोलीच्या दारात बसून मी प्रश्नावलीच्या फॉर्मांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळत होतो, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे तेवढे जागे होते.

“जानेवारीत पाऊस पडतो का, भाऊजी?” वहिनी आतून म्हणाली.

“चहा सांडतो.”

“एवढी काळजी इंग्रजीच्या पेपरची घेतली असती तर?”

बारावीच्या इंग्रजीत मी दोनदा आपटलो. या गोष्टीला आता पाच वर्षं होतील, पण आमच्या घरात ती रोज ताजी असते.

आधी ही सहल कशी ठरली ते सांगतो, कारण सहल म्हणावं असं त्यात फार काही नव्हतं. मी नाशिकरोडला एका डीटीपीच्या दुकानात मराठी मजकूर टाईप करतो. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, कधी कोणाच्या षष्ट्यब्दीचं मानपत्र. दिवाळीनंतर एक मॅडम लांबलचक प्रश्नावली टाईप करून घ्यायला आल्या. सहाव्या पानावरचा एक प्रश्न अकराव्या पानावर वेगळ्या शब्दांत पुन्हा आला होता, तो मी त्यांना दाखवला. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “गावोगाव फिरून हे प्रश्न विचारायला याल का?” मी म्हणालो, मी पदवीधर नाही. त्या म्हणाल्या, “पदवीधर खूप मिळतात. अकराव्या पानापर्यंत वाचणारा मिळत नाही.” दुकानाच्या मालकांनी बिनपगारी रजा दिली. अशा तऱ्हेनं मी अर्थशास्त्रात शिरलो.

मॅडम शेतीचं अर्थशास्त्र शिकवतात. पंधरा वर्षांपूर्वी त्या स्वतः विद्यार्थिनी असताना नाशिक जिल्ह्यातल्या काही गावांत घरोघर गेल्या होत्या. घरात काय येतं, काय शिजतं, कशावर खर्च होतो, आजारी पडल्यावर काय करतात, हे सगळं त्यांनी लिहून नेलं. आता त्याच घरांत पुन्हा जायचं होतं. बरोबर त्यांची विद्यार्थिनी प्राजक्ता होती. ती मालेगावकडची, तोंडाळ आणि सतत काहीतरी खाणारी. गावाचं नाव मी लिहिणार नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. ही मॅडमची अट आहे आणि मला ती पटते.

येवल्याला जायचं असेल तर नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून औरंगाबादकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. तिकीट एकोणपन्नास रुपये. डाव्या बाजूची खिडकी धरू नका, तिथली काच बहुतेक गाड्यांना नसते आणि निफाडचा गारठा सरळ कानात शिरतो. चांदोरी गेल्यावर उजाडलं. द्राक्षबागांत रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता आणि त्यातून बागांचे मांडव तरंगल्यासारखे दिसत होते. प्राजक्ता म्हणाली, “एवढी ऊब द्राक्षांना. आपल्याला कोणी पेटवून देतं का?”

निफाडला एक साठीच्या बाई चढल्या. डोक्यावर गोणपाटाचं बोचकं. ते त्यांनी वरच्या फळीवर सरकवलं, तसं आतून खणखणाट झाला.

“मावशी, भांड्यांचं दुकान टाकताय काय?” कंडक्टर म्हणाला.

“दुकान नाय रे बाबा, घर टाकतेय. अर्धं तिकीट दे, घर अर्धंच हाय.”

सगळे हसले. बाई मॅडमशेजारी बसल्या. मॅडमनी कुठल्या गावच्या विचारलं, तर नेमकं आम्हाला जायचं होतं तेच गाव. बाईंनी मॅडमकडे जरा वेळ निरखून पाहिलं.

“तुमी त्या डाळ तोलणाऱ्या बाई का?”

मॅडम एकदम खुलल्या. पंधरा वर्षांपूर्वी त्या बरोबर एक छोटा ताणकाटा घेऊन फिरायच्या आणि शिजवायला काढलेली डाळ तोलून लिहायच्या.

“मी मथुरा. तवा सासू हयात व्हती माझी. तुमी यायच्या आदल्या दिशी ती म्हणली, डाळ जास्तीची काढ, नायतर बाई म्हणंल ही उपाशी मरत्यात.”

“म्हणजे मी लिहिलेला आकडा खोटा होता?”

“लय.”

प्राजक्ता खिडकीकडे तोंड करून हसत होती. मॅडमच्या प्रबंधात ती डाळ आहे.

विंचूरला रस्त्याच्या कडेनं कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. गाडी मुंगीच्या पावलानं चालली आणि मथुराबाईंनी आपणहून बोचक्याची हकिकत सांगितली. नवरा तीन वर्षांमागं वारला. त्यानंतर दोन मुलं वेगळी झाली. एकच अंगण, समोरासमोर दोन दारं. आईची पाळी ठरली: एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे, अमावस्या ते अमावस्या.

“माझं ताट, वाटी, तांब्या आन् वळकटी. अमावस्या आली का उचलायचं आन् अंगण वलांडायचं.”

“मुलं नीट वागत नाहीत का?” मॅडमनी विचारलं.

“गुणाची हायेत वो. सुना बी. पोटाला कधी कमी नाय केलं. पर लेक आली का पंचाईत. तिला च्या द्यायचा तरी कोणाच्या चुलीवर? थोरलीचा महिना आसंल तर थोरलीला इचारा, धाकटीचा आसंल तर धाकटीला. त्या नाय म्हणत नाईत. पर इचारावं लागतं ना. लेकीला कळतं ते. दोन वरसं झाली, राह्यला आली नाय. मीच जाऊन भेटते.”

बोचक्यात लेकीनं दिलेला तवा होता, परात होती, आणि दोन पातेली. उद्या अमावस्या. उद्या थोरल्याचा महिना संपणार. पण यावेळी त्या अंगण ओलांडून धाकट्याच्या दारात जाणार नव्हत्या. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत स्वतःची चूल मांडणार होत्या. कांदा कापायला जायच्या, ती मजुरी त्यांची स्वतःची होती.

“मुलांना माहीत आहे?”

“कळंल की. तवा वाजंलच.”

येवल्यात उतरल्यावर आधी मिसळ खाल्ली. स्टँडच्या बाहेर पंधरा रुपये प्लेट, पाव मोजून दोन, तर्री हवी तेवढी. मागे एका गल्लीत हातमागांचा खटखट आवाज चालू होता आणि एका दारात पैठणीचा काठ अर्धवट विणलेला दिसला. प्राजक्तानं किंमत विचारली आणि काठाला लावलेलं बोट मागे घेतलं. लॉज साधाच, पण गरम पाणी सकाळी सातपर्यंत मिळतं. सातनंतर मिळत नाही, मालकाशी वाद घालू नका, मी घालून बघितला.

दुपारी मॅडमनी खोलीतच वर्ग घेतला. “कुटुंब म्हणजे काय?”

“एका छपराखाली राहणारी नात्याची माणसं,” प्राजक्ता म्हणाली.

“छप्पर एकच, पण दोन भाऊ वेगळे शिजवतात. मग?”

मी म्हणालो, “मग दोन.”

“बरोबर. आपल्या अभ्यासात एक चूल म्हणजे एक कुटुंब. जे एका चुलीवर शिजलेलं खातात, ते एका फॉर्मवर.” मग त्यांनी असं सांगितलं, जे मी रात्री वहीत नीट लिहून ठेवलं: आपण सुख-दुःख मोजतो ते घराचं. घर पोटभर जेवतं असं लिहिलं की घरातलं प्रत्येक माणूस पोटभर जेवतं असं धरून चालतो. ते धरणं बरोबर आहे की नाही, हे तपासायला त्या पंधरा वर्षांनी परत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या जीपनं गावाला. दहा रुपये सीट. सीट म्हणजे कुठलीही जागा, मला ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बसवलं होतं, म्हणजे दाराबाहेर अर्धा. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. दोन्ही बाजूंना लाल कांद्याची काढणी चालली होती. बायका ओळीनं बसून पात कापत होत्या आणि सगळ्या हवेला तो उग्र वास होता.

सकाळपासून एकामागून एक घरं केली. अकराच्या सुमारास मथुराबाईंच्या अंगणात पोचलो. थोरला भाऊसाहेब खाटेवर बसला होता. भारदस्त माणूस, मिशीवाला, मला “मास्तर” म्हणायला लागला.

“या चुलीवर जेवणारी माणसं?” मी विचारलं.

“मी, मंडळी, तीन पोरं. पाच लिहा.”

“आणि आई?”

“आई धाकट्याकडं. आमचा महिना भरला.”

मी अंगण ओलांडलं. धाकटा सोपान मोटारीचं वायंडिंग उकलून बसला होता. तो, बायको, दोन मुली. चार.

“आई?”

“थोरल्याकडं. आमचा महिना उद्यापास्नं.”

निंबाखाली बसून मी दोन्ही फॉर्म तपासले. माझी ती सवय आहे, लिहिलेलं पुन्हा वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. मॅडमच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर मथुराबाईंचं नाव होतं. नव्या दोन्ही फॉर्मांवर नव्हतं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा वाचलं, तरी नव्हतं. मॅडमना जाऊन सांगितलं, “मॅडम, मथुराबाई कुठेच नाहीत.”

मॅडमनी दोन्ही कागद पाहिले. “मग त्या आज जेवतायत कुठे?”

आम्ही पडवीकडे गेलो. मथुराबाई कोपऱ्यात माती लिंपत होत्या. तीन दगड, त्यावर चिखलाचा जाड हात, आणि कडेला बोटांनी काढलेली नक्षी. नवा तवा भिंतीला टेकवून ठेवला होता.

“जेवलात?” मॅडमनी विचारलं.

“लेकीनं बांधून दिलेली भाकर व्हती. कालची. तीच.”

एवढ्यात मागून भाऊसाहेब आला. आम्ही कुठे गेलो ते बघायला आला असणार. त्याच्या मागे सोपान, हातात पाना तसाच.

“आई, हे काय?”

“चूल.”

“ते दिसतंय. कोणासाठी?”

“एकलीसाठी.”

“आन् अमावस्येला चूल मांडती?”

“आज मांडते. पेटवीन उद्या.”

“आगं, पर लोक काय म्हणतील?” सोपान रडवेला झाला होता. “दोन दोन पोरं आन् आई हातानं थापून खाती!”

“हातानंच थापीत आले आजपत्तुर. पायानं थापत व्हते का?”

दारात धाकटी सून उभी होती. ती पदराआडून हळूच म्हणाली, “आत्याबाई, मीठ हाय का तुमच्याकडं?” थोरलीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती परत आत गेली.

मग भाऊसाहेब माझ्याकडे वळला. “ओ मास्तर, लिहा आईला आमच्यात. पाच नाय, सहा करा.”

“तुमच्यात का म्हणून?” सोपान पुढे आला. “महिना आमचा लागतोय. मास्तर, आमच्यात लिहा. चाराचे पाच.”

“इतकी वरसं पहिला मान कोणाचा?”

“मान न्या तुम्ही, आई आमच्यात लिहा.”

अर्ध्या तासापूर्वी दोघांकडेही नसलेली आई आता दोघांनाही हवी होती. दोघं माझ्या दोन बाजूंना उभे, फॉर्म माझ्या हातात, आणि सोपानच्या हातातला पाना माझ्या कोपराला लागत होता. मी मॅडमकडे पाहिलं.

“माझा येगळा कागद करा,” मथुराबाई म्हणाल्या. उठून उभ्या राहिल्या होत्या, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. “तुमचा कागद म्हणजे चूल, आसं ह्या पोरीनं सकाळी शेजारच्या घरी सांगितलं. मी ऐकलंय. मग माझी चूल, माझा कागद. एकदा लिवलेलं आसलं का ही दोघं गप ऱ्हातील.”

मला वाटलं होतं मॅडम लगेच नवा फॉर्म काढतील. मी बॅगेत हातसुद्धा घातला होता.

“मावशी, आज नाही होणार,” मॅडम म्हणाल्या. “तुमची चूल अजून पेटलेली नाही. न पेटलेल्या चुलीचा कागद मी करू शकत नाही.”

मथुराबाईंचा चेहरा पडला. “मग आज मी कोणाची?”

गोठ्यात गाय शेपटीनं माशा हाकत होती.

“आज दोन्ही कागदांवर शेरा लिहिते, की या आज कोणत्याच चुलीवर नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “आठ दिवसांनी आमची दुसरी फेरी आहे. तेव्हा मागच्या आठ दिवसांत तुम्ही ज्या चुलीवर जेवला असाल, तिथे तुमचं नाव लिहीन. थोरल्याच्या, धाकट्याच्या किंवा तुमच्या.”

भाऊसाहेब हसला. त्याला हे एकदम मान्य होतं. “आठ दिवस? चार दिवसांत काटक्या संपतील आन् येईल घरात. तुमी यालच तवा. सहा लिहून न्या.”

परतताना जीपमध्ये मी मॅडमशी नीट बोललो नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, “रागावलात?”

“एक कागद तर होता, मॅडम.”

“तिला हवं म्हणून लिहिलं तर थोरल्याला हवं तेही लिहावं लागेल. मग सगळीच डाळ होईल,” त्या म्हणाल्या. मला पटलं, पण बरं वाटलं नाही.

पुढचे दिवस सटाण्याच्या बाजूला. येवला ते मनमाड सतरा रुपये, मनमाड ते मालेगाव चोवीस, मालेगाव ते सटाणा बावीस. थेट गाडीची वाट बघत बसू नका, तुकड्यातुकड्यांनी लवकर पोचता. मालेगावच्या स्टँडवर कटिंग चहा मागितला तर कप भरून मिळाला. प्राजक्ता म्हणाली, हे तिचं गाव आहे, इथे माणसाला अर्धं काही देत नाहीत.

सटाण्याकडे डाळिंबाच्या बागा. हिरवळीत लाल दिवे लावल्यासारखी फळं. भाषा बदलली आणि मी गांगरलो. पहिल्याच घरी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “कथाईन उनात, भाऊ?” मी फॉर्ममधला पहिला प्रश्न वाचून दाखवला. ते पुन्हा म्हणाले, “नाव काय शे तुन्हं?” मी दुसरा प्रश्न वाचला. प्राजक्ता मागून ओरडली, “अरे, ते तुझी मुलाखत घेतायत! आधी त्यांची उत्तरं दे.” दिली. कुठून आलो, नाव काय, लग्न झालं का, का नाही झालं. एवढं झाल्यावर त्यांनी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि निघताना चार डाळिंबं दिली. यावरून एक शिकलो. लोकांना प्रश्न विचारायला हरकत नसते, पण पाळीनं.

या सगळ्यात कुठल्याही घरी चुलीसमोर बसलो की मला पडवीतला तो ओला चिखल आठवायचा. ओली चूल तडकते म्हणतात. आणि काटक्या संपल्या तर? कांद्याचं काम बंद पडलं तर? नुसता ताप आला, तरी त्या कोणाच्या तरी घरात जाऊन झोपणार आणि तिथलंच खाणार. प्राजक्ताचं मत असं की त्या तिसऱ्या दिवशीच थोरल्याकडे गेल्या असतील.

“तुला काय माहीत?”

“माझी आजी गेली होती,” ती म्हणाली, आणि डाळिंब सोलायला लागली.

परत येवल्यात आलो तो संक्रांतीनंतरचा करीचा दिवस होता. तुम्हाला येवल्याला एकदाच जायचं असेल तर संक्रांतीच्या तीन दिवसांतच जा. आख्खं गाव गच्चीवर असतं. आभाळात पतंगच पतंग, प्रत्येक गच्चीवर ताशा, हातात मांजाच्या मोठ्या लाकडी आसाऱ्या, आणि एक पतंग कापला की तीन गल्ल्यांमधून आरोळी. बायका, म्हातारे, दुकानदार, कोणी सुटलेलं नाही. रस्त्यात चालताना गळ्याला रुमाल बांधा, मांजा दिसत नाही. मी पाच रुपयांचा एक पतंग घेतला आणि तो हातात धरून जीपमध्ये बसलो. मॅडमनी विचारलं, उडवता येतो का. मी म्हणालो, नाही.

गावात शिरताना मला आधी पडवीकडे बघायचं नव्हतं. म्हणून मी भाऊसाहेबाच्या दाराकडे बघितलं. खाट रिकामी. सोपानच्या दाराशीही कोणी नव्हतं. मग तापलेल्या तव्याचा आणि भाजलेल्या तिळाचा वास आला.

पडवी माणसांनी भरली होती. मथुराबाई चुलीपुढे, बाजरीची भाकरी थापत होत्या, वर तीळ लावत होत्या. शेजारी निफाडहून आलेली लेक अलका, तिच्या मांडीवर एक मूल. आणि भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, समोर ताटं घेऊन भाऊसाहेब आणि सोपान. दोघांची पोरं आत-बाहेर करत होती. चूल तडकली होती खरी, एका बाजूनं, आणि तिथे नव्या मातीचा पट्टा होता.

“या, या,” मथुराबाई म्हणाल्या. “आलात ना मोजाया?”

मी फॉर्म काढला. “या चुलीवर जेवणारी माणसं?”

भाऊसाहेबाच्या तोंडात घास होता, तरी तो आधी बोलला. “लिहा मास्तर, सगळीच. दोन्ही घरं इथंच जेवत्यात. परत एकच चूल झाली आमची. मी प्रमुख.”

पडवीत बघितलं तर त्याचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं. प्राजक्ता माझ्या कानात पुटपुटली, “बघ. गेली ना.” मी मॅडमकडे पाहिलं, त्या मथुराबाईंकडे बघत होत्या.

मथुराबाईंनी भाकरी उलटली. “एकली.”

“आई?”

“एकली लिवा. लेक पाव्हणी हाय.”

“ती पाव्हणी, कबूल. आन् आमी?”

“तुमी कवापास्नं जेवताय इथं?”

सोपाननं खाली बघितलं. “संक्रांतीपास्नं. अलकाताई आली म्हणून.”

“त्याच्या आधी कुठं जेवत व्हते?”

“घरी.”

“मग पाव्हणे.”

आमच्या फॉर्ममध्ये पाहुण्यांसाठी वेगळा रकाना आहे. चुलीवर जेवले, पण चुलीचे नाहीत, अशांसाठी. तो मी मॅडमना दाखवला. त्यांनी मान हलवली.

“पोटचा पोरगा पाव्हणा?” भाऊसाहेबाचा आवाज चढला. ताट थोडं पुढे सरकवलं त्यानं. “गावात काय तोंड दाखवू? आईच्या घरी मी पाव्हणा?”

“पाव्हण्याला आग्रह करत्यात,” मथुराबाई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी थेट त्याच्या ताटात टाकली. “घे आजून एक.”

अलका हसायला लागली. मग सोपान. भाऊसाहेब त्या भाकरीकडे बघत राहिला. तिची वाफ त्याच्या मिशीपर्यंत येत होती. मग त्यानं ताट पुन्हा ओढून घेतलं, भाकरी मोडली आणि म्हणाला, “लिहा, मास्तर. पण भरीत कमी पडलंय, हे बी लिहा.”

मॅडमनी बॅगेतून कोरा फॉर्म काढून माझ्या हातात दिला. मी सावकाश लिहिलं. मथुराबाईंनी वाचून दाखवायला सांगितलं, मोठ्यानं. मी वाचलं: कुटुंबप्रमुख, मथुराबाई. या चुलीवर जेवणारी माणसं, एक. त्यांनी थोरल्या सुनेला हाक मारून आत बोलावलं आणि मला पुन्हा वाचायला लावलं. थोरली ऐकून घेऊन म्हणाली, “बरं झालं बाई. आता अमावस्येला तुमची वळकटी कोणाच्या दारात ठेवायची, हा वाद तरी मिटला.” ती इतकं मोकळं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मग आम्हालाही बसवलं. जेवून उठल्यावर मला पाहुण्यांच्या रकान्यातला आकडा तीननं वाढवावा लागला.

घरी येऊन आता महिना होत आला. मॅडमनी मागच्या आठवड्यात सुधारलेली प्रश्नावली पुन्हा टाईप करायला दिली. आता प्रश्न घरातल्या मोठ्या माणसाला विचारून भागत नाही. प्रत्येक माणसाला वेगळं गाठायचं आणि विचारायचं: आज दुपारी कुठे जेवलात? हा एक प्रश्न नवा आला, म्हणून सगळ्या पानांचे क्रमांक बदलले आणि मला दोन दिवस बसावं लागलं. त्या म्हणाल्या, पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न असता तर किती बाया सापडल्या असत्या कोण जाणे. नव्या वर्षाच्या वर्गात पहिल्या दिवशी त्या हीच गोष्ट सांगणार आहेत, नावं बदलून. डाळीचीही सांगणार आहेत.

मला विचाराल तर येवल्याचे पतंग बघायला जा, निफाडचा धूर बघायला जा. कोणाच्या घरी प्रश्न विचारायला गेलात तर आधी त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या.

हिशेब, जाणाऱ्यांच्या सोयीसाठी. लॉज आणि रात्रीचं जेवण मॅडमच्या प्रकल्पातून, ते धरलेलं नाही.

एकलहरे ते सीबीएस, एसटी आणि जीप, सगळं जाऊन-येऊन: २८६ रुपये.
दुपारचं जेवण, मिसळ, चहा: ४१२ रुपये.
वहिनीसाठी रेवड्या: ४० रुपये.
पतंग (उडवला नाही): ५ रुपये.
एकूण: ७४३ रुपये.

येणं: मॅडमकडून शेवटच्या दोन दिवसांचा रोज.

देणं: मथुराबाईंना एक जेवण. लेकीला घेऊन नाशिकला आलात तर आमच्याकडे उतरा, असं मी त्यांना बोलून बसलो. घरी आल्यावर वहिनीला विचारलं, चालेल का. ती म्हणाली, “आणा.”